माल गोदामात, वही गादीवर

कापडाच्या धंद्यात एके काळी नमुन्यांचे गाठोडे घेऊन माणूस गावोगाव फिरत असे. समोरचा व्यापारी कापड बोटांत चोळून पाही, उजेडात नेऊन रंग पाही आणि मगच भावाची गोष्ट निघे. आता आमची मालेगावची साडी परगावच्या दुकानदाराच्या हाती पडण्यापूर्वी तिचा फोटो त्याच्या मोबाईलवर पोहोचलेला असतो आणि फोटो पाहूनच तो गाठ बांधायला सांगतो. म्हणजे फोटो हाच आता नमुना झाला आहे. फोटोत जो मेहंदी रंग दाखवला तोच गाठीतून निघाला पाहिजे. नाही निघाला तर माल परत येतो, भाडे अंगावर पडते आणि वर्षानुवर्षांचा विश्वास एका दिवसात जातो.

असे असूनही या फोटोंचा हिशेब आपल्यापैकी किती जण ठेवतात? सुताचे वजन आपण स्वतः काट्यावर पाहतो, बिल्टी स्वतः वाचतो, उधारीची वही कुणाच्या हाती देत नाही. फोटोंचे विचारले की मात्र एकच उत्तर मिळते, "ते पोरं बघतात." ही चूक आम्हीही केली. तिची किंमत मोजली. तीच चूक इतर व्यापारी आणि कारागीर बांधवांनी करू नये, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

कॅटलॉग म्हणजे काय?

आपल्या बाजारात कॅटलॉग म्हटले की साड्यांच्या फोटोंचे छापील पुस्तक डोळ्यांपुढे येते. आम्ही ज्या कॅटलॉगविषयी लिहीत आहोत तो वेगळा. फोटो सुधारण्यासाठी अनेक स्टुडिओंत आणि आता पेढ्यांवरही ॲडोबी कंपनीचा लाइटरूम हा प्रोग्राम वापरतात. तो २००७ साली बाजारात आला. २०१७ पासून त्याचा कॉम्प्युटरवर काम करणारा मूळ प्रकार 'लाइटरूम क्लासिक' या नावाने ओळखला जातो.

या प्रोग्रामची एक रीत आहे. तो मूळ फोटोला हात लावत नाही. फोटो जिथे आहे तिथेच राहतो. कोणता फोटो कोणत्या फोल्डरमध्ये आहे, त्याचा उजेड किती वाढवला, रंग किती सारखा केला, कडा किती कापल्या, त्याला कोणता नंबर दिला, कोणत्या गटात घातला, ही सारी नोंद तो एका स्वतंत्र फाइलमध्ये करतो. त्या फाइलला कॅटलॉग म्हणतात. तिच्या नावाच्या शेवटी 'एलआरकॅट' ही अक्षरे असतात.

आपल्या भाषेत सांगायचे तर फोटो म्हणजे माल आणि कॅटलॉग म्हणजे कीर्द-खतावणी. गोदामात हजार गाठी रचलेल्या असल्या तरी कोणती गाठ कुणाची, कोणत्या भावाची, कोणत्या ऑर्डरची हे वहीत असते. वही जळाली तर गाठी असूनही व्यापारी आंधळा होतो. कॅटलॉग बिघडला तर नेमके हेच होते.

आमच्या पेढीवर काय घडले?

आमच्याकडे फोटोंचे काम पुतण्या आणि भाचा असे दोघे बघतात. फोटो वाढले, कॉम्प्युटरची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा एका कॉम्प्युटरवाल्याच्या सल्ल्याने नेटवर्कवर चालणारी डिस्कची पेटी घेतली. तिला 'नॅस' म्हणतात. ती राउटरला जोडली की पेढीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर एखाद्या ड्राइव्हसारखी दिसते. फोटो तिच्यात हलवले. काम उत्तम चालले. मग मुलांनी कॅटलॉगही उचलून तिच्यातच ठेवला. हेतू चांगला होता, की दोघांना दोन कॉम्प्युटरवरून तोच कॅटलॉग उघडता यावा.

लाइटरूमने साफ नकार दिला. नेटवर्कवर ठेवलेला कॅटलॉग उघडता येत नाही, असा संदेश पडद्यावर इंग्रजीत आला. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. इंग्रजी वाचता येते, पण असे तांत्रिक इंग्रजी समोर आले की आम्ही दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. आम्ही विचारले, "काय म्हणतोय तो?" पुतण्या म्हणाला, "काही नाही चाचा, थोडी सेटिंग करावी लागेल." कॉम्प्युटरवाला आला आणि त्याने एक युक्ती केली. नेटवर्कवरची जागा ही कॉम्प्युटरची स्वतःचीच डिस्क आहे, असे लाइटरूमला भासावे अशी ती युक्ती होती. कॅटलॉग उघडला. आम्ही त्याला चहा पाजला, पैसे दिले आणि माणूस हुशार आहे असे चार जणांत सांगितलेही.

सात-आठ महिने काम रडतखडत चालले. मग एका गुरुवारी पुतण्या कॅटलॉग उघडा ठेवूनच जोहरच्या नमाजला गेला. थोड्या वेळाने कॉम्प्युटर आपोआप स्लीपमध्ये गेला आणि पेटीशी त्याचा संबंध तुटला. इकडे भाच्याला घाई होती. त्याने दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच कॅटलॉग उघडायला घेतला, तर हा कॅटलॉग दुसरीकडे वापरात आहे असा संदेश आला. लाइटरूम कॅटलॉग उघडताना शेजारी एक लहानशी 'लॉक' फाइल ठेवतो. आत एक जण बसला आहे, दुसऱ्याने येऊ नये, असा तिचा अर्थ. भाच्याने कुणाला तरी फोन केला. पलीकडून सल्ला मिळाला, "ती लॉकची फाइल पुसून टाक, उघडेल." त्याने पुसली आणि कॅटलॉग उघडला. अर्ध्या तासाने पुतण्या परतला, त्याने माऊस हलवला, त्याचा कॉम्प्युटर जागा झाला आणि आपल्या जुन्या जागेवरून पुढे लिहू लागला. एका खतावणीत दोन मुनीम एकमेकांकडे न बघता लिहीत होते.

जुम्म्याची सुट्टी गेली. शनिवारी सकाळी कॅटलॉग उघडला तर तो खराब झाला असल्याचा संदेश आला. लाइटरूमने दुरुस्ती करून पाहिली, जमली नाही. पेटीतले सुमारे अकरा हजार फोटो जसेच्या तसे होते, एकही गेला नव्हता. पण ते फोटो म्हणजे वही नसलेल्या गाठी. बॅकअप होता, तो चार महिन्यांपूर्वीचा. तोही त्याच पेटीत कॅटलॉगच्या शेजारी पडलेला होता. अल्लाहची कृपा की तो तरी उघडला. मधल्या चार महिन्यांची नोंद गेली.

पहिले नुकसान रंगाचे. ज्या मेहनतीने फोटोतला रंग साडीच्या रंगाशी जुळवला होता ती मेहनत पुसली गेली. मुलांनी घाईत पुन्हा रंग जुळवले आणि दोन ऑर्डरींत फरक पडून माल परत आला. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल वर दाखवायला लावणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण अनुयायी आहोत. फोटोत एक रंग आणि गाठीत दुसरा ही गोष्ट आमच्याकडून नकळत झाली असली तरी ग्राहकाच्या दृष्टीने ती फसवणूकच होती. भाडे आम्ही सोसले आणि माफीही मागितली.

दुसरे नुकसान याहून मोठे. डिझाईन काढणारे एक वृद्ध कारागीर वर्षानुवर्षे आमच्यासाठी काम करतात. ठराव असा आहे की त्यांचे डिझाईन मागावर पुन्हा चढले की दर वेळी त्यांना ठरलेली रक्कम द्यायची. कोणते डिझाईन कधी चढले, याची नोंद मुलांनी सोय म्हणून कॅटलॉगमध्ये फोटोंच्या नाव-नंबरातच ठेवली होती. हिशेबाला बसलो तेव्हा आमच्या नोंदीत नऊ निघाली. ते म्हणाले, "सेठ, चौदा आहेत." त्यांच्याजवळ कागद नव्हता, आमच्याजवळ कॅटलॉग नव्हता. आम्ही चौदाचे पैसे दिले. नोंद ठेवणे आमचे काम होते आणि नोंद हरवली ती आमच्या हातून. पैसे घेताना ते म्हणाले, "सेठ, तुम्ही दिलेत. उद्या दुसरा कुणी देईल का?"

चार महिन्यांचे काम पुन्हा करता आले. या प्रश्नाला मात्र आमच्याजवळ उत्तर नव्हते.

असे का होते?

आम्ही नंतर दोन जाणकार छायाचित्रकारांना भेटून हा विषय समजून घेतला. जे समजले ते सोप्या शब्दांत मांडतो.

लाइटरूमचा कॅटलॉग ही साधी फाइल नाही. ती एसक्यूलाइट नावाच्या पद्धतीने बांधलेली नोंदवही आहे. ही पद्धत एका कॉम्प्युटरवर, त्याच कॉम्प्युटरच्या डिस्कवर अत्यंत भरवशाची आहे. जगभरातल्या मोबाईल फोनांतही ती वापरली जाते. पण तिचा सारा भरवसा कुलपावर आहे. कुणी लिहीत असेल तेव्हा फाइलला कुलूप लागते, लिहून झाले की निघते. एकाच कॉम्प्युटरच्या आत हे कुलूप पक्के बसते. नेटवर्कवरून लावलेले कुलूप प्रत्येक वेळी पक्के बसेलच याची खात्री नसते, आणि एसक्यूलाइट बनवणारे स्वतःच हा इशारा देतात. मध्येच वायर निघाली, वायफाय गेले, वीज गेली, तर पान अर्धे लिहिलेले राहते.

दुसरी गोष्ट वेगाची. फोटो मोठा असतो, पण तो एकदा मागवला की झाले. एक ट्रक माल एका फेरीत आणण्यासारखे ते काम आहे. कॅटलॉगचे काम उलटे. आपण उजेडाची एक खूण सरकवली तरी तो अनेक बारीक नोंदी वाचतो आणि लिहितो. कॅटलॉग नेटवर्कवर असेल तर या प्रत्येक नोंदीसाठी निरोप्या पाठवावा लागतो. आमच्याकडे काम रडतखडत चालत होते ते यामुळे. आम्ही मात्र कॉम्प्युटर जुना झाला असे समजत होतो.

तिसरी गोष्ट अशी की लाइटरूम क्लासिक हा मुळात एका वेळी एकानेच वापरायचा प्रोग्राम आहे. दोघांनी एकाच वेळी एक कॅटलॉग वापरावा अशी त्याची बांधणीच नाही. काही प्रोग्राममध्ये ती सोय असते, पण तिथे रचना वेगळी असते. उदाहरणार्थ, डिजीकॅम हा विनामूल्य मिळणारा प्रोग्राम. त्याची नोंदवही साधारणपणे एसक्यूलाइटची असते आणि तीही आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवावी लागते. नेटवर्कवरून वापरायची असेल तर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा वेगळा प्रकार निवडावा लागतो. त्यात वहीजवळ एकच मुनीम बसलेला असतो. बाकीचे त्याला सांगतात आणि लिहितो तो एकटाच. वही सगळ्यांपुढे उघडी टाकून ज्याला हवे त्याने लिहावे, अशी रचना कुणीच केलेली नाही.

म्हणजे लाइटरूमने पहिल्या दिवशी जो नकार दिला तो खोडा नव्हता, इशारा होता. आम्ही त्या इशाऱ्याला चकवले आणि चकवणाऱ्याला चहा पाजला.

काय करावे?

१. फोटो नेटवर्कच्या पेटीत खुशाल ठेवा. त्याला कसलीही हरकत नाही. लाइटरूम तिथून फोटो वाचतो. कॅटलॉग मात्र काम करणाऱ्याच्या कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर ठेवा. तिथे जागा फार लागत नाही.

२. दोन कॉम्प्युटरवर आलटून पालटून काम करायचे असेल तर कॅटलॉग यूएसबीने जोडायच्या चांगल्या एसएसडी डिस्कवर ठेवा. डिस्क ज्याच्या कॉम्प्युटरला जोडलेली, तोच लिहिणारा. डिस्क काढण्यापूर्वी लाइटरूम बंद करणे विसरू नका.

३. दोघांनी एकाच वेळी काम करणे भागच असेल तर कामाची वाटणी करा. लाइटरूममध्ये ठरावीक फोटोंचा वेगळा कॅटलॉग काढून देता येतो आणि काम झाल्यावर तो मूळ कॅटलॉगमध्ये परत मिळवता येतो. छोट्या वहीतले व्यवहार संध्याकाळी मोठ्या वहीत चढवावेत तसे हे आहे.

४. कॅटलॉग ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हसारख्या आपोआप जुळवणी करणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून काम करू नका. आपण लिहीत असतानाच तो अर्धवट पान उचलून नेतो. दोन ठिकाणी उघडला तर दोन वेगळ्या प्रती तयार होतात आणि खरी कोणती ते कळत नाही. बंद केलेल्या कॅटलॉगची प्रत तिथे नेऊन ठेवणे वेगळे. ते अवश्य करा.

५. लाइटरूम बंद करताना कॅटलॉगचा बॅकअप घेण्याची सोय आहे. दर वेळी, रोज, आठवड्याला की महिन्याला हे आपण ठरवायचे असते. धंद्याच्या कामात रोजचा बॅकअप ठरवावा. लक्षात ठेवा, तो आपण काही बदल केला नाही तर कॅटलॉगच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये जातो. डिस्क गेली तर दोन्ही जातात. म्हणून बॅकअपची जागा बदलून दुसऱ्या डिस्कवर द्या. नेटवर्कची पेटी या कामाला उत्तम. या बॅकअपमध्ये फोटो नसतात, फक्त नोंदी असतात, हेही विसरू नका. फोटोंची प्रत वेगळी घ्यावी लागते.

६. फोटोतील बदल एक्सएमपी पद्धतीने फोटोच्या शेजारी किंवा फोटोच्या आत आपोआप लिहून ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. ती चालू करा. म्हणजे प्रत्येक गाठीवर चिठ्ठी लागते. वही गेली तरी रंग, उजेड, नाव-नंबर त्या चिठ्ठीतून परत मिळतात. फोटोंचे गट मात्र चिठ्ठीत नसतात, ते वहीतच राहतात.

७. नेटवर्कच्या पेटीत दोन डिस्क असतात आणि एक गेली तरी दुसरी चालते, म्हणून तोच बॅकअप, असे पेटी विकणारे सांगतात. हे अर्धसत्य आहे. डिस्क बिघडली तर बचाव होतो. पण कुणी चुकून फोल्डर पुसले किंवा व्हायरसने फायली बंद केल्या तर दोन्ही डिस्कवर एकदमच होते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला एक नियम आहे. तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. पेढीवर एक, पेटीत एक आणि घरी एक डिस्क, एवढे तर कुणालाही जमते.

८. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. कॉम्प्युटरला इन्व्हर्टर किंवा यूपीएस असतो, पेटी आणि राउटर मात्र साध्या प्लगवर असतात. त्यांनाही यूपीएसवर घ्या.

बिघाड झालाच तर

सर्वांत जास्त वेळा जे घडते ते खरे तर बिघाड नसतेच. सकाळी लाइटरूम उघडला की फोल्डरांवर प्रश्नचिन्ह आणि फोटोंवर उद्गारचिन्ह दिसते. फोटो गेले म्हणून घबराट होते. बहुधा पेटी बंद असते, वायर निघालेली असते किंवा विंडोजने त्या ड्राइव्हचे अक्षर बदललेले असते. काल झेड होता, आज वाय झाला, म्हणून वहीतला पत्ता चुकला. अशा वेळी फोटो कॅटलॉगमधून काढून पुन्हा भरू नका, सगळी जुनी नोंद जाईल. आधी पेटी चालू आहे का ते पाहा. ड्राइव्हला पूर्वीचेच अक्षर द्या. तेही जमले नाही तर प्रश्नचिन्ह असलेल्या फोल्डरवर उजवे बटण दाबून हरवलेले फोल्डर शोधण्याचा पर्याय घ्या आणि नवा पत्ता दाखवा. वही पुन्हा मालाशी जुळते. पेटी बंद असतानाही काम करायचे असेल तर 'स्मार्ट प्रीव्ह्यू' आधीच बनवून ठेवावेत. हे लहान आकाराचे फोटो असतात आणि त्यांवर केलेले बदल नंतर मूळ फोटोला लागू होतात.

कॅटलॉग वापरात आहे असा संदेश आला तर प्रथम उठून दुसऱ्या कॉम्प्युटरपाशी जा. तिथे लाइटरूम खरोखर उघडा आहे का, कॉम्प्युटर स्लीपमध्ये तर नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. तो नीट बंद करा. सगळे कॉम्प्युटर बंद असूनही लॉक फाइल राहिलीच असेल तरच ती काढा. आमच्या भाच्याने उठून दहा पावले टाकली असती तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

कॅटलॉग खरोखर खराब झाला असेल तर दुरुस्तीची घाई करू नका. प्रथम लाइटरूम सगळीकडे बंद करा. कॅटलॉग आणि त्याच्या शेजारी त्याच नावाने असलेल्या सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर जशाच्या तशा उतरवून ठेवा. त्यांत 'जर्नल' किंवा 'वॉल' असे शेपूट लागलेली फाइल असेल तर कचरा समजून पुसू नका. अर्धवट राहिलेले शेवटचे व्यवहार सावरण्यासाठी ती लागते. मग एक प्रत कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर आणून उघडा आणि लाइटरूमला दुरुस्ती करू द्या. नाही जमले तर सर्वांत अलीकडचा बॅकअप उघडा, मधल्या काळातले नवे फोटो त्यात भरा आणि शेजारच्या एक्सएमपी चिठ्ठ्यांवरून बदल वाचून घ्या. आमच्याकडे त्या चिठ्ठ्या चालू नव्हत्या. त्या असत्या तर रंगांचे काम पुन्हा करावे लागले नसते.

जबाबदारी कुणाची?

काही बांधव म्हणतील की एवढ्या भानगडी मालकाने कशाला शिकाव्यात, त्यासाठी मुलांना पगार देतो. आमचे मत वेगळे आहे. मालकाने फोटो सुधारायला शिकावे असे आम्ही म्हणत नाही. मुनीम ठेवला तरी वही कुठे आहे, तिच्यात कोण लिहितो आणि तिची दुसरी प्रत कुठे आहे, हे तिन्ही प्रश्न मालकालाच विचारावे लागतात. तेवढे विचारायला इंग्रजी लागत नाही. आणि पडद्यावर संदेश आला की त्याचा अर्थ पुरता कळल्याशिवाय 'ओके' दाबायचे नाही, हा हुकूम मालकच देऊ शकतो. आम्ही मुलांवर रागावलो नाही. संदेशाचा अर्थ विचारून अर्ध्या उत्तरावर समाधान मानणारे आम्हीच होतो.

दुसरे म्हणजे जुगाडाचे कौतुक आता थांबवले पाहिजे. बाजारात चोरीचे प्रोग्राम सर्रास वापरले जातात, चकवा देणाऱ्या युक्त्या विकल्या जातात आणि आपण त्याला हुशारी म्हणतो. दुसऱ्याची मेहनत पैसे न देता वापरायची आणि आपल्या डिझाईनची नक्कल झाली की ओरड करायची, हे न्यायाचे नाही. लाइटरूमचे भाडे परवडत नसेल तर डिजीकॅम आणि डार्कटेबल हे विनामूल्य आणि पूर्णपणे रास्त मार्गाने मिळणारे प्रोग्राम आहेत. वही स्वतःच्या डिस्कवर ठेवण्याचा नियम त्यांनाही लागू आहे. डार्कटेबल तर शेजारची एक्सएमपी चिठ्ठी आपणहूनच लिहितो.

तिसरी गोष्ट आम्ही आमच्या चुकीतून शिकलो. कारागिराच्या हक्काची नोंद फोटोंच्या कॅटलॉगच्या भरवशावर ठेवू नये. ती कागदावर असावी आणि तिची एक प्रत कारागिराच्या हाती असावी. सूरह बकरहमधील २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, न्यायाने लिहिण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. आपण ती ऐकतो, पण व्यवहारात आणताना कॉम्प्युटरकडे बोट दाखवतो. कारागिराचे येणे ही आपल्याकडची अमानत आहे. कॅटलॉग बिघडला हे कारण त्या हिशेबात चालणार नाही.

आता आमच्या पेढीवर फोटो पेटीत आहेत, कॅटलॉग पुतण्याच्या कॉम्प्युटरवर आहे आणि भाचा आपल्या वाटणीचे काम करून शनिवार ते गुरुवार रोज संध्याकाळी त्याच्या हवाली करतो. रात्री बॅकअप पेटीत जातो. गुरुवारी पेढी बंद करताना एक डिस्क आम्ही स्वतः घरी नेतो. त्या वृद्ध कारागिरांसाठी एक छोटी वही केली आहे. डिझाईन मागावर चढले की त्या दिवशी तिच्यात नोंद होते आणि खाली दोघांच्या सह्या होतात. वही त्यांच्याच घरी असते.

आपण आजच पेढीवर गेल्यावर मुलांना विचारा, "आपला कॅटलॉग कुठे आहे?" उत्तर "नेटवर्कवर" असे आले तर संध्याकाळपूर्वी तो खाली उतरवून घ्या. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपले व्यवहार साफ ठेवो. आमीन.